मंडईचा गोंगाट आणि स्वमग्न माणूस

दिवाळी संपली की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. बलिप्रतिपदेला गायगोधन होते, भाऊबीज होते, आणि मग आज या गावची तर उद्या त्या गावची मंडई भरू लागते. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरून जाते. दुपारी दंडार किंवा खडी गंमत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने, पिपाण्या, फुगे, जिलबीची कढई, आकाशपाळणा, आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. ते पहाटेपर्यंत चालते.

विद्यार्थिमित्रांनो, या गर्दीत तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? एखादे सात-आठ वर्षांचे मूल दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून उभे असते. आई त्याला पुढे ओढते, ते जागचे हलत नाही. मग ते किंचाळते, जमिनीवर लोळण घेते, स्वतःच्याच हाताला चावते. भोवती बघ्यांचे कडे जमते. कोणी म्हणते, "फार लाडावले आहे." कोणी म्हणते, "बाहेरचे झाले असेल, अंगारा लावा." ती आई पुढच्या वर्षी मंडईला येत नाही. माझ्या परिचयातील एका घरी अशी माउली सलग सहा वर्षे मंडईच्या दिवशी दार लावून घरात बसली. तिच्या माहेरची मंडई चार कोसांवर होती, तिकडेही गेली नाही.

हे मूल हट्टी नव्हते आणि त्याला बाहेरचेही काही झाले नव्हते. ते स्वमग्न होते. इंग्रजीतून आलेला ऑटिझम हा शब्द आता आपल्याकडे बराच रुळला आहे, स्वमग्नता हे त्याचेच मराठी नाव. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून तो शब्द तयार झाला. नाव जरा फसवे आहे, हे मात्र लक्षात ठेवा. स्वतःतच बुडालेला, बाहेरचे काही न कळणारा, असा त्याचा अर्थ वाटतो. पुष्कळ स्वमग्न माणसांच्या बाबतीत उलटच घडते. बाहेरचे जग त्यांच्यापर्यंत पोचत नाही असे नाही, ते फार जास्त पोचते.

स्वमग्नता हा आजार नव्हे आणि ती संसर्गाने होत नाही. मेंदूची जडणघडणच जन्मापासून निराळी असते. आईबापांच्या वागण्याने ती येते असे पूर्वी काही डॉक्टरही म्हणत, ते साफ चुकीचे ठरले आहे. लसीमुळे येते ही समजूतही तशीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे १ स्वमग्न होता. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. हेच प्रमाण इथे लावून भागाकार करा, उत्तर साडेनऊ हजारांच्या जवळ येईल. हा नुसता भागाकार आहे, मोजणी नव्हे. पण सात तालुक्यांतली ही माणसे आहेत कुठे? काही घरात आहेत. काही आपल्यामध्येच वावरतात आणि आपण त्यांना 'विक्षिप्त', 'घुम्या', 'अर्धवट' असली नावे ठेवतो. मुलेच तेवढी स्वमग्न असतात असे समजू नका. मूल मोठे झाले तरी स्वमग्नता राहते. पन्नाशीचा एखादा काका लग्नघरात पंगतीला न बसता गोठ्याकडे जाऊन उभा राहतो, तोही कदाचित यांपैकीच असेल. त्याच्या लहानपणी हे कोणाला ठाऊकच नव्हते.

आता आपण भौतिकशास्त्राकडे वळू.

ध्वनीची पातळी आपण डेसिबलमध्ये मोजतो. हे माप किलो किंवा मीटरसारखे सरळ नाही, ते लॉगरिथमवर आधारलेले आहे. पातळी १० डेसिबलने वाढली म्हणजे ध्वनीची तीव्रता १० पट झाली, २० ने वाढली म्हणजे १०० पट, ३० ने वाढली म्हणजे १,००० पट. साध्या बोलण्याची पातळी सुमारे ६० डेसिबल धरली आणि मंडपातल्या भोंग्याजवळ ९० डेसिबल आढळले, तर आवाज दीडपट झाला असे म्हणू नका. कानावर पडणारी ऊर्जा हजार पट झाली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे. भोंग्यापाशी उभे राहून हे आकडे आठवले तर हसू येईल.

फटाक्याची गोष्ट आणखी वेगळी. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवण्यास व विकण्यास आपल्याकडे बंदी आहे. म्हणजे कायद्यात बसणारा फटाकासुद्धा बराच मोठा वाजू शकतो. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेत २०१८ साली 'हरित फटाके' तयार झाले. त्यांत धुराचे कण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हरित म्हणजे मुका नव्हे, आवाज त्यालाही असतोच.

फटाक्याने सगळेच दचकतात. असे का होते? आपल्या मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे आहेत. मोठा आवाज आला की रिकिबीला जोडलेला एक बारीक स्नायू आकुंचन पावतो आणि हाडांची हालचाल आवरतो. निसर्गाने दिलेला हा ब्रेकच म्हणा ना! पण तो लागायला सेकंदाचा सुमारे विसावा ते दहावा भाग जातो. फटाक्याचा मुख्य धक्का तर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आतच येऊन जातो. ब्रेक लागेपर्यंत गाडी आदळलेली असते.

तुम्ही-आम्ही दचकतो, हसतो, आणि दहाव्या फटाक्याला मान वळवूनही पाहत नाही. वर्गातल्या पंख्याची घरघर पहिली पाच मिनिटे ऐकू येते, नंतर येत नाही. पंखा थांबलेला नसतो. मेंदूने त्याची दखल घेणे थांबवलेले असते. तेच ते पुन्हा आले की त्याला कमी महत्त्व द्यायचे, हे काम मेंदू आपल्या नकळत अखंड करीत असतो. ज्यांना आवाज आणि स्पर्श फार बोचतात अशा स्वमग्न मुलांच्या मेंदूचे चुंबकीय चित्रण करून अभ्यास झाले आहेत. पहिल्या आवाजाला उठलेली खळबळ पुढच्या आवाजांना जशी ओसरत जायला हवी तशी ती ओसरत नाही, असे त्यांत आढळले. अशा मुलाला शंभरावा फटाकाही पहिलाच असतो. आता मंडईचे चित्र पुन्हा डोळ्यांपुढे आणा. भोंगा, पिपाण्या, तळणाचा वास, अंगाला घासणारी गर्दी, लुकलुकणारे दिवे यांतले काहीही त्याच्यासाठी मागे सरत नाही. सगळे एकाच वेळी पुढेच उभे असते. शेवटी जे होते त्याला आपण हट्ट म्हणतो. हट्ट करणारे मूल मधूनमधून आईकडे बघते आणि जिलबी मिळाली की थांबते. या मुलाला जिलबी देऊन उपयोग नाही, त्याचे थांबणे त्याच्या हातात नसते.

सर्वच स्वमग्न माणसे आवाजाला भितात असे मात्र नाही. कोणाला आवाज चालतो पण स्पर्श सोसत नाही. कोणाला संवेदना उलट कमी जाणवतात, म्हणून ते ढोलाला छाती लावून उभे राहतात, गरगर फिरतात. म्हणून पहिला नियम असा की त्या माणसाला, किंवा त्याला बोलता येत नसेल तर त्याच्या घरच्यांना, विचारायचे.

या सगळ्याहून मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वमग्नतेची ओळख जगाला मुख्यतः त्या लेखाने झाली. मोठे आवाज आणि हलणाऱ्या वस्तू यांची या मुलांना भीती वाटते, हे कॅनर यांनी तेव्हाच नोंदवले होते. पण त्यांनी आणखी एक निरीक्षण केले. हीच मुले स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदाने करतात! वर ज्या घराचा उल्लेख केला तेथला मुलगाही भोंग्याला भिई, आणि घरी पितळेच्या पातेल्यावर पळीने असे काही बडवी की शेजारी तक्रार घेऊन येत. (भंडाऱ्याचे पितळ, आवाजाला काय कमी!) डेसिबल तेच, कान तोच, मग फरक कशात? पातेले केव्हा वाजणार हे त्याला ठाऊक असते. आणि थांबवणे त्याच्या हातात असते.

त्रास आवाजाच्या पातळीचा असतो हे खरे, पण अनपेक्षितपणाचा त्याहून जास्त असतो. पातळी कमी करायला पैसे आणि लोकांची संमती लागते. अनपेक्षितपणा कमी करायला बहुधा काहीच लागत नाही. मंडईला जायच्या आधी चार दिवस वहीच्या पानावर चित्रे काढा. सकाळी आंघोळ, मग बस, मग मामाचे घर, मग जेवण, मग दुकाने, मग परत बस, आणि प्रत्येक चित्राखाली घड्याळ. गेल्या वर्षीचे फोटो दाखवा. कोणकोण पाहुणे येणार त्यांची नावे सांगा. फटाके लावायचे असतील तर आळीतल्या मुलांनी मिळून वेळ आणि जागा ठरवावी. दिवाळीच्या दिवशी रात्री ८ ते १० ही वेळ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात दिली होती. ती केवळ धुरासाठी आहे असे समजू नका. 'दहा वाजता संपेल' हे ज्याला खात्रीने सांगता येते, त्याला नऊ वाजता धीर धरता येतो. दहा वाजून वीस मिनिटांनी एखाद्याने 'शेवटचाच' म्हणून सुतळी बॉम्ब लावला की तो सगळा धीर फुकट जातो. एका फटाक्याने किती बिघडणार, असे लावणाऱ्याला वाटते. बिघडतो तो शब्द, आणि पुढल्या वर्षी त्या मुलाचा त्या शब्दावर विश्वास राहत नाही.

वर सांगितलेल्या घरातल्या मुलांनी एक छान युक्ती केली. अंगणातल्या दिव्यांच्या माळेचे बटन त्यांनी या भावाच्या ताब्यात दिले. माळ केव्हा लावायची, केव्हा विझवायची, ते तो ठरवणार. त्या दिवाळीत तो तीन संध्याकाळी अंगणात बसला.

माळेचा विषय निघालाच आहे तर एक प्रयोग करून पाहा. अंधाऱ्या खोलीत एकच स्वस्त एलईडी माळ लावा आणि तिच्यासमोर पेन्सिल झपाट्याने मागेपुढे हलवा. पेन्सिलीचा सलग पंखा न दिसता तुटक तुटक अनेक पेन्सिली दिसल्या, तर ती माळ एकसारखी पेटलेली नाही, ती सेकंदाला ५० किंवा १०० वेळा लुकलुकते आहे असे समजा. आपल्या घरची वीज प्रत्यावर्ती आहे, तिची वारंवारता ५० हर्ट्झ. साध्या चोकच्या जुन्या ट्यूबलाइटचेही असेच होते. पुष्कळांच्या डोळ्यांना हे जाणवत नाही, काही स्वमग्न माणसांना मात्र त्याचा त्रास होतो असे ती स्वतः सांगतात. मंडपात मुद्दाम चमकवले जाणारे झगमगीत दिवे तर कोणालाही जाणवतात. माळ 'स्थिर' वर ठेवावी, किंवा सरळ पणत्या लावाव्यात. पणतीची ज्योत हलते, पण संथ हलते.

पातळी कमी करण्याबद्दलही थोडे सांगतो, कारण इथे गणित आपल्या बाजूचे आहे. मोकळ्या जागेत लहान उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्हाला प्रकाशाच्या धड्यातून माहीत आहेच. फटाक्याचे ४ मीटरवरचे १२५ डेसिबल ८ मीटरवर ११९ होतात, १६ मीटरवर ११३, ३२ मीटरवर १०७, आणि ६४ मीटरवर १०१. पहिली चार पावले मागे सरकण्यात जेवढा लाभ, तेवढ्याच लाभासाठी पुढे बत्तीस मीटर चालावे लागते. म्हणून अगदी जवळ उभ्या असलेल्या माणसाने थोडे सरकले तरी खूप फरक पडतो. अरुंद गल्लीत मात्र हा नियम चालत नाही, भिंतींवरून आवाज परतत राहतो. आणखी एक गंमत पाहा. ३४० मीटर दूर फुटलेल्या फटाक्याचा उजेड लगेच दिसतो, आवाज मात्र साधारण एका सेकंदाने येतो. हा एक सेकंद फार मोलाचा आहे! उजेड दिसला की 'आता येणार' हे कळते. आकडे मोजण्याची आवड असलेली काही मुले या खेळात रमतात. गच्चीवरून, दूरचे फटाके, हातात घड्याळ.

डीजेच्या ठोक्यांपासून पळणे कठीण असते. ५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ३४० भागिले ५० म्हणजे जवळजवळ ७ मीटर. एवढी लाट घराच्या कोपऱ्याला सहज वळसा घालते आणि भिंतीतूनही उंच स्वरांपेक्षा सोपेपणाने पार होते. म्हणून मागच्या खोलीत गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, पण धप्प धप्प मात्र भांड्यांच्या फळीपर्यंत पोचते. कानात कापूस घालण्याचा फायदा थोडाच, आणि खर्जाच्या आवाजाला तर नाहीच म्हणा. खाणीत आणि कारखान्यात कामगार वापरतात तसले कान झाकणारे मफ नीट बसले तर साधारण २० ते ३० डेसिबल कमी करतात. स्वमग्न मुलाला ते मंडईच्या दिवशीच पहिल्यांदा घालू नका. आधी घरी, शांततेत, थोडा थोडा वेळ घालून त्यांची ओळख होऊ द्या. आणि कोणी मफ घालून दिसला तर 'विमान चालवतोस काय रे' असले विनोद करू नका.

स्पर्श आणि वास यांविषयी घरातल्या मोठ्यांशी बोलायला हवे. नरकचतुर्दशीला पहाटे झोपेतून उठवून तेल, खरखरीत उटणे आणि पाठोपाठ कढत पाणी, हा कार्यक्रम काहींना सोसत नाही. त्यांनी साधी आंघोळ केली म्हणून दिवाळी अडत नाही. नवा कपडा दोनदा धुऊन खळ काढून टाका, मानेजवळची चिठ्ठी कापा, जर बोचत असेल तर जुनाच मऊ सदरा घालू द्या. भाऊबिजेला ताट थोडे दूर धरून ओवाळता येते आणि कुंकू लावण्याआधी विचारता येते. कापूर संप्लवनाने थेट वायुरूप होतो आणि त्याचा वास बंद खोलीत झपाट्याने पसरतो, तेवढी खिडकी उघडी ठेवा. फराळाचा आग्रह नको. रोजचा वरणभात डब्यात घेऊन गेले म्हणून मामीने रागावू नये. आणि गालगुच्चा! पाहुण्यांची ही सवय मला तर स्वमग्न नसतानाही आवडत नसे.

मोठ्या स्वमग्न माणसाला लहान मुलासारखे वागवू नका, त्याला काम द्या. ठरलेले, स्पष्ट, सुरुवात आणि शेवट असलेले काम. वर्गणीच्या पावत्या क्रमाने लावणे, खुर्च्यांच्या रांगा मांडणे, सामानाची यादी तपासणे. पुष्कळजण ते आपल्यापेक्षा नेटके करतात. त्याने मध्येच उठून बाहेर जायचे ठरवले तर कुठे, का, असे विचारत मागे लागू नका.

एका बाबतीत मात्र मागे लागलेच पाहिजे. गोंगाट असह्य झाला की काही स्वमग्न मुले वाट फुटेल तिकडे धावत सुटतात, आणि त्यांतल्या अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. जगभर अशा मुलांचे बुडून मृत्यू झाले आहेत. आपला जिल्हा तलावांचा, वैनगंगा उशाशी, आणि गणपतीचे विसर्जन तर पाण्याच्या काठावरच. गर्दीत 'सगळे बघत आहेत' याचा अर्थ कोणीच बघत नाही असा होतो. म्हणून एका वेळी एकाच माणसाने, नाव घेऊन, जबाबदारी घ्यावी आणि अर्ध्या तासाने दुसऱ्याला सांगून सोपवावी. मुलाच्या खिशात नाव, गाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी असावी. मूल दिसेनासे झाले तर पहिला माणूस पाण्याकडे धावेल, बाकीचे दुकानांत शोधतील आणि एकजण लगेच ११२ ला फोन करील, हे आधीच ठरलेले असावे.

मूल कोसळलेच, म्हणजे किंचाळू लागले, लोळू लागले, तर ओरडू नका, समजावू नका, हात धरून ओढू नका. त्या वेळी तुमचे शब्दही त्याच्यावर पडणारा आणखी एक आवाजच असतो. बघ्यांना पांगवा. मोबाइलवर चित्रण करणाऱ्याला हात आडवा धरा. भोंगा जवळ असेल तर पाच मिनिटे बंद करायला सांगा. मग त्याला रस्ता मोकळा करून शांत जागेकडे जाऊ द्या आणि जवळ गप्प बसून राहा. अर्धा तास लागेल, कधी जास्तही.

मंडळाचे लोक विचारतील, एका मुलासाठी भोंगा बंद करायचा का? त्यांना सांगा की २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्कही त्यात आहे. पण कायदा सांगण्याची वेळ बहुधा येत नाही. भोंग्याचे तोंड गल्लीकडून शेताकडे वळवायचे, दुपारी दुकाने मांडली जात असताना एक तास भोंगा लावायचाच नाही, आणि तो तास कोणता हे आदल्या दिवशी गावात सांगायचे, इतके तरी बहुतेक मंडळे ऐकतात. त्या तासात आजीआजोबा आणि तान्ही बाळे घेतलेल्या बायाही येतील.

शिक्षकांना एक सुचवतो. नववी-दहावीच्या मुलांच्या चार तुकड्या करा. मोबाइलमध्ये ध्वनी मोजण्याचे साधन घेता येते. त्याचे आकडे काही डेसिबलने चुकतात, पण एकाच मोबाइलने घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक बराच भरवशाचा असतो. मंडईच्या आदल्या संध्याकाळी भोंग्याची चाचणी चालू असताना ४, ८, १६ आणि ३२ मीटरवर वाचने घ्या, मग शाळेचे आवार, देवळामागची बाजू, समाजमंदिराची खोली अशा जागी घ्या. गावाचा नकाशा काढून त्यावर आकडे लिहा आणि सर्वांत शांत तीन जागांभोवती हिरवे वर्तुळ काढा. एक प्रत मंडळाला द्या, एक नाटकाच्या तिकीटबारीवर लावा, आणि तिसरी त्या घरी पोचवा, जेथून कोणी मंडईला येत नाही. ती मात्र दोन दिवस आधी पोचली पाहिजे, म्हणजे वाचने त्याच्याही आधी घेऊन ठेवावी लागतील.